दोरासकट वजन

माझी काकू खेकडे बांधते. तेच तिचं काम आहे. बंदरावर वजनकाट्याची जी लांबडी पत्र्याची शेड आहे ना, तिच्या दारातच एक बुटकं स्टूल असतं. त्यावर ती रबरी बूट घालून बसते. डावीकडे जिवंत खेकड्यांची टोपली, उजवीकडे भिजत घातलेल्या दोरांची बादली. खेकडा पाठीवरून दाबून उचलायचा, दोन्ही नांग्या पोटाशी दुमडायच्या, दोर एकदा आडवा, एकदा उभा, खालून गाठ, वरून फास, झालं! तुम्ही शिंकून डोळे उघडेपर्यंत खेकड्याचं पार्सल तयार. मग ते काट्यावर जातं, काटेवाला वजन ओरडतो, कारकून लिहून घेतो आणि शेठ, म्हणजे खेकड्यांचा व्यापारी, "पुढे!" म्हणतो.

अख्खा धक्का तिला गाठवाली म्हणतो आणि तिला ते भयंकर आवडतं. नम्र वगैरे ती अजिबात नाही. कुणी म्हणालं की काय छान बांधता हो, तर ती म्हणणार, "छान नाही, एक नंबर." घरीही तिचे हात गप्प बसत नाहीत. कचऱ्याची पिशवी बांधते, वर्तमानपत्रांची रद्दी बांधते, पडदे बांधते, माझे केस तर असे बांधते की माझ्या भुवया वर जातात आणि दिवसभर सर मला विचारतात, काय गं, एवढं आश्चर्य कशाचं? मी कॉलेजसाठी काकूकडेच राहते. डबा ती रुमालात बांधून देते आणि तिची गाठ माझ्या अख्ख्या वर्गाला मिळून सुटत नाही. एकदा एका मुलानं दातानं सोडवायला घेतली तर त्याचाच दात हलला.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला खेकड्याची भीती वाटायची म्हणे. पहिल्याच दिवशी एकानं अंगठा धरला. तिची सासू, म्हणजे माझी आजी, तेव्हा त्याच स्टुलावर बसायची. आजी साध्या सुतळीनं बांधायची, एक वेढा, एक गाठ, संपलं. काकूनं शिकताना चार-दोन वेढे जास्त मारले की आजी म्हणायची, "नांगी बांधायची असते गं बाई, खेकड्याला स्वेटर घालायचा नसतो."

आजी गेली आणि स्टूल काकूकडे आलं. मग शेठ सुरू झाला.

"काकू, जरा जाड दोर वापरा हो. खेकडा कसा शोभून दिसतो!"

काकूनं जाड दोर घेतला. पुढच्या वर्षी शेठ म्हणाला, दोर भिजवून वापरा, खेकडा ताजा राहतो. भिजवला. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, वेढे वाढवा, प्रवासात सुटायला नको. वाढवले. दरवर्षी थोडं थोडं, आणि तिच्या हाताला असली झकास सवय की दोर कितीही जाड होऊ दे, तिचा वेग तोच. आता तुम्ही म्हणाल, मग आधी वजन करा आणि नंतर बांधा ना! पण आमच्या बंदरावर तसं चालत नाही. मागे कधीतरी एका मोकळ्या खेकड्यानं आधीच्या काटेवाल्याच्या बोटाचं टोक नेलं होतं. तेव्हापासून शेडच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलंय, 'आधी बांधा, मग तोला.' ते पुसायची कुणाची छाती नाही.

बरं, तक्रार कोण करणार? शेठ दोरासकट घेतो आणि दोरासकट विकतो. पुढचा व्यापारी दोरासकट घेतो, दोरासकट विकतो. हॉटेलवाला दोरासकट घेतो, दोर काढून शिजवतो आणि दोर धरून बिल लावतो. सगळ्यांचं ओझं शेवटी गिऱ्हाइकाच्या गळ्यात, आणि गिऱ्हाईक काही बंदरावर येत नाही. आणि आमचं मत्स्यखातं तर काय, शेडच्या काट्यावर जे वजन आलं तेच वर पाठवतं. देशातले जवळजवळ सगळे खेकडे इथेच उतरतात, त्यामुळे तोच आकडा देशाची एकूण खेकडे-पकड.

आता काकांबद्दल सांगते. काका खेकडे पकडतात. छोटी होडी, जुनं इंजिन, लोखंडी पिंजरे. पूर्वी म्हणे धक्क्यावरून पिंजरा सोडला तरी भरायचा. मग दीपगृहापर्यंत जावं लागायला लागलं, मग दीपगृहाच्या पलीकडे, आणि आता तर थेट बाहेरच्या पाण्यात, जिथे मोठी जहाजं जातात आणि त्यांच्या लाटेनं काकांची होडी रिकाम्या डब्यासारखी उडते. इंजिनाला तर दम्याचा त्रास आहे असं काकाच म्हणतात. एकदा ते मधेच बंद पडलं आणि काका अख्खा दिवस वाहत गेले, कुठल्या तरी मोठ्या जहाजानं त्यांना ओढून आणलं. त्या दिवशी काकूनं घरातल्या सगळ्या खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या. का, तर हाताला काम नको? सोडवायला आम्हाला पुढचा अख्खा दिवस लागला.

धक्क्यावरच्या सगळ्या खेकडेवाल्यांनी मिळून खात्याकडे मागणी केली होती, की खेकड्यांना जरा उसंत द्या, दोन हंगाम बंदी घाला, अंडी घालू दे त्यांना. बंदीच्या काळात खातं सगळ्यांना धक्क्याच्या डागडुजीचं काम देतं, तसा नियमच आहे. म्हणजे काका जमिनीवर राहिले असते! पण नियमात आणखी एक ओळ आहे. पकड सलग खाली येत असेल तरच बंदी. आणि आमची पकड तर सलग वर चाललेली.

"असं कसं वर चाललीय?" काका जेवताना म्हणायचे. "माझा पिंजरा रिकामा, त्याचा रिकामा, सगळ्यांचे रिकामे. मग भरतोय कुणाचा?"

"तुमचं लक्ष नसेल," काकू म्हणायची. "माझ्याकडे तर भरपूर वजनाचे येतात."

मला हे सगळं कळलं ते प्रोजेक्टमुळे. सरांनी सांगितलं होतं, जगातली कुठलीही एक गोष्ट घ्या आणि कित्येक दशकांत देशादेशांत ती कशी वरखाली झाली त्याच्या रेघा काढा. कुणी मोटारी घेतल्या, कुणी कापूस. मी म्हटलं, घरात खेकडे, अंगाला वास खेकड्यांचा, मग खेकडेच घेऊ की! सगळ्या देशांची खेकड्यांची पकड शोधून भला मोठा ग्राफ काढला, रंगीत प्रिंट काढली आणि स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवली, कारण माझ्या खोलीत भिंतीला ओल आहे.

काकू हात पुसत आली आणि बघतच राहिली. "हे काय गं, शहाणे? सगळ्या देशांची भांडणं?"

मी समजावून सांगितलं. ही एक रेघ म्हणजे एक देश. काकूला देशांशी काही देणंघेणं नव्हतं, तिनं सरळ घरातलीच नावं द्यायला सुरुवात केली. सगळ्यात वर जी एक रेघ होती, बाकीच्यांच्या डोक्यावरून पार छताला गेलेली, तिला म्हणाली, "ही मोठी जाऊ. घरातलं सगळं हिच्याच कपाटात." एक रेघ एकेकाळी बरीच उंच होती आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू उतरत गेलेली. "ही सासूबाई. कठडा धरून जिना उतरतायत." एक रेघ तरातरा चढली होती आणि एकदम कोसळली होती. "ही नणंद. गच्चीवर मिरवायला गेली आणि तिथूनच खाली." एका थंड देशात मोठे मासे संपले आणि त्यांच्यामागे खेकडेच वाढले होते. काकू म्हणाली, "ही चुलत जाऊ. दुसऱ्यांचं घर रिकामं झालं की हिचं भरतं. असतात काहीजणी."

"आणि आपण कुठं?"

मी तळाशी बोट ठेवलं. बारीक निळी रेघ. दरवर्षी थोडी वर, दरवर्षी थोडी वर, कुठे थरथर नाही, धाप नाही.

"ही धाकटी जाऊ," काकू खूश होऊन म्हणाली. "बघ कशी खाली मान घालून काम करतेय. एक दिवस सगळ्यांना मागे टाकेल."

मला मात्र ती रेघ बघून कसंतरीच झालं. बाकी सगळ्या रेघा जिवंत वाटत होत्या, कुठे दचकलेल्या, कुठे दमलेल्या. आमची तेवढी कुणीतरी पट्टीनं मारल्यासारखी.

त्याच आठवड्यात काकांनी घरी एक खेकडा आणला. शेडमधून बांधूनच आलेला, कारण धक्क्यावरून मोकळा खेकडा न्यायला बंदी. ही एक बंदी मात्र आहे! काकूनं तो ओट्यावर ठेवला आणि सोडायला घेतला. एक वेढा, दुसरा वेढा, दोर निघतोय, निघतोय, ओट्यावर ढीग झाला, ढीग घसरून खाली पडला, आणि शेवटी आतून खेकडा निघाला. एवढासा. बशीत मावेल एवढा. गरीब बिचारा डोळे वर करून आमच्याकडे बघत होता, जसं काही स्वेटर काढल्यावर थंडी वाजतेय.

मी ओट्यावरचा खेकडा बघितला. खालचा दोर बघितला. मग फ्रीजवरची निळी रेघ बघितली. आणि मी ओरडलेच.

"काकू! खेकडे नाही वाढत! दोर वाढतोय! ही रेघ तू वर नेतेस!"

वाटलं होतं तिला धक्का बसेल. धक्का बसला, पण भलताच.

"काय म्हणालीस? माझ्या गाठीला नावं ठेवतेस?"

"अगं गाठीला नाही, दोराला..."

"दोर काय आपोआप बसतो खेकड्यावर? मी बांधते. म्हणजे मलाच बोलतेस ना? अख्ख्या धक्क्यावर आजवर माझी एक गाठ सुटलेली नाही आणि तू कालची पोरगी मला सांगणार, की माझ्यामुळे यांना बाहेरच्या पाण्यात जावं लागतं?"

मी हे वाक्य म्हटलंच नव्हतं. तिनंच म्हटलं. काका दोघींकडे बघत होते, खेकडा तिघांकडे.

मग अबोला. आणि काकूचा अबोला साधा नसतो. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याला तिनं तोच जाड भिजवलेला दोर बांधला होता, दोन्हीकडून फास, वर उलटी गाठ. मी अख्खा दिवस उपाशी. संध्याकाळी डबा तसाच परत आणला तर म्हणते, "वजन बघ, भरलेला आहे. मग भूक कशी लागली?"

मला इतका राग आला ना! पण मग लक्षात आलं की ती मला चिडवत नव्हती, ती स्वतःशीच भांडत होती, मी फक्त मधे सापडले होते.

तरी मी गप्प बसले नाही. तडक खात्याच्या कार्यालयात गेले. तिथे आमच्या बंदराचे आकडे ज्यांच्याकडे असतात ते आकडेवाले साहेब बसतात. टेबलावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं, पंखा असा की वारा फक्त साहेबांच्या टकलाला लागतो. मी त्यांना दोराचं सगळं सांगितलं. त्यांनी फार शांतपणे ऐकलं. इतकं शांतपणे की मला वाटलं झोपले.

"बरं, मग?" ते म्हणाले.

"मग काय सर? दोर वजा करा!"

"कुठल्या रकान्यात? इथे देश आहे, वर्ष आहे, खेकडे आहेत. दोराचा रकाना आहे का? दाखव."

"पण तो खेकडा नाहीये ना सर!"

"हे बघ बाळ," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "दोर समुद्राच्या पाण्यात भिजवलेला असतो की नाही? बंदरावरच तोलला जातो की नाही? मग ते सागरी उत्पादनच झालं. आणि दुसरं, वर्षानुवर्षं सगळ्यांनी दोरासकट सांगितलं आणि मी एकटाच दोराशिवाय सांगितलं, तर लोक म्हणतील या साहेबाच्या काळात खेकडे मेले. माझी बढती आहे."

त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला क्षणभर वाटलं, खरंच की, यांची बढती आहे!

आणि वर त्यांनी मला आनंदाची बातमी दिली. नव्या यादीत आपल्या देशानं शेजारच्या देशाला मागे टाकलं होतं. मोठे साहेब राजधानीतून येणार, शेडमध्येच समारंभ होणार आणि सर्वोत्कृष्ट बांधणी म्हणून माझ्याच काकूचा सत्कार होणार. तिनं सगळ्यांसमोर एक खेकडा बांधून दाखवायचा, तो काट्यावर ठेवायचा, मोठे साहेब टाळ्या वाजवणार.

"मात्र खेकडा मोठा हवा," आकडेवाले साहेब म्हणाले. "फोटोत दिसला पाहिजे. तुझ्या काकांना सांग."

झालं! म्हणजे खेकड्यांची भरभराट झाली म्हणून समारंभ, आणि समारंभाला दाखवायला अख्ख्या बंदरात एक मोठा खेकडा नाही! धक्क्यावरच्या प्रत्येकानं आपापला पिंजरा उपसून बघितला. सगळे बशीतले. शेवटी समारंभाच्या दिवशी उजाडताच काका निघाले. बाहेरच्या पाण्यात.

काकू दारात उभी होती. "जाऊ नका हो. वारा बघा कसा आहे."

"खात्याचा हुकूम आहे गं. तुझाच सत्कार आहे ना? तुझ्या हातात काय बारका देऊ? लोक हसतील."

"हसू दे."

"तू हसू दे म्हणतेस? तू?" काका हसले आणि गेले.

शेड ओळखू येत नव्हती. पताका, सतरंजी, माईक, आणि मागे हा मोठा फलक, 'खेकड्यांच्या जागतिक यादीत आपली झेप!' फलकावर जो खेकडा होता तो आमच्या समुद्रात मिळतच नाही, केशरी रंगाचा, कुठून तरी उतरवून घेतलेला. मोठे साहेब आले, बूट चिखलातून वाचवत वाचवत खुर्चीवर बसले. भाषणं झाली. शेठनं पण भाषण केलं, म्हणाला, हे यश आपल्या सर्वांच्या घट्ट नात्याचं आहे. काटेवाला माझ्या कानात म्हणाला, "घट्ट तर आहेच. वेढे मीच बघतो ना रोज." काकूला ढाल मिळाली. ती तिनं काखेत धरली आणि मान वळवून पुन्हा समुद्राकडे बघायला लागली.

काका आले नव्हते. वारा वाढला होता. पताका फाडफाड वाजत होत्या आणि दीपगृहाच्या पलीकडे नुसता पांढरा फेस.

"आणि आता," आकडेवाले साहेब माईकवर म्हणाले, "प्रत्यक्ष बांधणी!"

टोपली पुढे आणली. टोपली रिकामी. आकडेवाले साहेबांनी आत डोकावलं आणि त्यांच्या टकलाला घाम फुटला. माईकवर हात ठेवून कुजबुजले, "काकू, खेकडा कुठाय?"

"आणायला गेलेत ना आमचे हे," काकू म्हणाली. "तुम्हीच पाठवलंत."

"अहो मोठ्या साहेबांना पुढे दुसरा कार्यक्रम आहे! गाडी चालू ठेवलीय! काहीतरी बांधा हो, काहीही बांधा!"

काकूनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग मला म्हणाली, "हे धर," आणि ढाल माझ्याकडे दिली. कित्येक दिवसांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

ती स्टुलावर बसली. हात टोपलीत घातला, बाहेर काढला तो मूठ आवळून. दुसऱ्या हातानं दोर घेतला. मी अगदी शेजारी उभी होते, मला सगळं दिसत होतं. ती स्वतःच्या मुठीवर दोर गुंडाळत होती! एकदा आडवा, एकदा उभा, सर्रसर्र, बघणाऱ्यांचे डोळे मागे पडत होते, आणि शेवटचा वेढा पडायच्या आत तिनं मूठ अलगद काढून घेतली आणि फास ओढला. आत काही नाही. नुसती हवा, आणि वर कसलेली गाठ. मी ढाल इतकी घट्ट धरली की तिचा कोपरा बोटात रुतला.

काटेवाल्यानं ते पार्सल हातात घेतलं. त्याला कळलं. कळणारच, त्याचं आयुष्य गेलंय त्यात. त्यानं काकूकडे बघितलं. मग ते काट्यावर ठेवलं आणि रोजच्यासारखं वजन ओरडला. चांगलं भरलं होतं!

टाळ्या! मोठे साहेब उठून उभे राहिले. त्यांनी ते पार्सल उचललं, फोटोसाठी छातीशी धरलं, जरा लांब धरलं, नांगी लागू नये म्हणून. "वा! काय वजन आहे! आणि जिवंत आहे हां, मला हालचाल जाणवतेय!" शेठ म्हणाला, आमच्या बंदराचा माल असाच असतो साहेब, ताजा. आकडेवाले साहेब डोळे मिटून उभे होते, मला वाटतं मनातल्या मनात कुणाचा तरी धावा करत होते.

"सोडून दाखवू?" काकू म्हणाली.

"अवश्य!" मोठे साहेब म्हणाले, आणि पुन्हा दोन पावलं मागे सरकले.

आजवर जिची एक गाठ सुटली नव्हती तिनं ती गाठ सोडली. एक वेढा. दुसरा. तिसरा. लोक पुढे वाकून बघतायत, फोटोवाला गुडघ्यावर बसलाय, दोर सतरंजीवर पडतोय, पडतोय, मोठ्या साहेबांच्या बुटावर आला. मग दोराचं टोक आलं, आणि काकूनं दोन्ही तळहात उघडून दाखवले.

पताका तेवढ्या वाजत होत्या.

"कुठे गेला?" मोठे साहेब खाली सतरंजीवर, खुर्चीखाली बघायला लागले. अगदी खरं सांगते, वाकून शोधत होते!

"शोधा साहेब," काकू म्हणाली. माईक चालूच होता. "आमचे हे पण रोज शोधायला जातात. आज तुमच्यासाठी गेलेत. अजून आले नाहीत."

आणि ती उठून धक्क्याच्या टोकाकडे चालायला लागली. तिच्यामागे मी, माझ्यामागे काटेवाला, त्याच्यामागे सगळे खेकडेवाले. समारंभ तिथेच संपला. संपवला कुणी नाही, माणसंच उरली नाहीत.

आम्ही टोकाला उभे राहिलो. किती वेळ ते मला माहीत नाही. काकू माझ्या ओढणीचं टोक घेऊन त्याला गाठ मारत होती, सोडत होती, मारत होती. मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नाही. मग कुणीतरी ओरडलं, आणि दीपगृहाच्या अलीकडे एक मोठा मचवा दिसला, आणि त्याच्यामागे दोरानं ओढत आणलेली आमची होडी, एका बाजूला कललेली. आणि आत काका, चिंब भिजलेले, दात वाजतायत, थंडीनं निळे पडलेले.

काकू पाण्यात उतरली. बूट, ढोपरं, सगळं.

"काय आणलंत?" तिनं विचारलं. रडत होती आणि तरी टोमण्याच्याच आवाजात विचारलं.

"स्वतःला आणलं," काका म्हणाले. "तेवढंच मिळालं. एक मोठी मादी आली होती पिंजऱ्यात, पोटाखाली नुसती अंडी. सोडून दिली. तुझा सत्कार बुडाला बघ."

"बुडू दे मेला," काकू म्हणाली, आणि तिथे, सगळ्या धक्क्यासमोर, तिनं त्यांच्या छातीवर एक बुक्की मारली आणि मग तिथेच डोकं टेकलं.

आता खातं काय करतं बघा. फोटोवाल्याचा फोटो सगळीकडे गेला, मोठे साहेब वाकून खुर्चीखाली खेकडा शोधतायत तो. राजधानीतून ताबडतोब हुकूम आला, यापुढे खेकडा मोकळा तोला, वाटल्यास काटेवाल्याला हातमोजे द्या. तोलला. पहिल्या काही आठवड्यांतच आकडेवाले साहेबांचा चेहरा सासूबाईंच्या रेघेसारखा झाला. हा आकडा यादीत गेला असता तर आपला देश नणंदेच्याही खाली आपटला असता, आणि मग कुणीतरी विचारलं असतं की आजवर वाढत होतं ते काय होतं!

म्हणून त्यांनी बंदी घातली. घातली एकदाची! दोन हंगाम. खेकड्यांसाठी नाही, रेघेसाठी. बंदी असली की पकड नसते, पकड नसली की आकडा नसतो, आणि आकडा नसला की घसरण दिसत नाही. आकडेवाले साहेबांनी मला स्वतः समजावलं, चहा पाजून. "बाळ, शून्य लिहिलं तर नामुष्की. आडवी खूण केली तर धोरण." त्यांची बढती झाली. दूरदृष्टीबद्दल.

मला आधी फार चीड आली. असं वाटलं की जाऊन सगळं ओरडून सांगावं, की हे खोटं आहे, यांनी खेकड्यांचा विचारसुद्धा केलेला नाही! पण घरी आले तर काका खुर्चीत बसून पायमोजे शोधत होते, कोरड्या पायांसाठी, आणि काकूला हाका मारून जीव खात होते, आणि मी गप्प बसले.

आता ते दिवसभर धक्क्याची डागडुजी करतात आणि घरी येऊन सगळ्या घराची डागडुजी करतात. न मोडलेल्या वस्तूंचीसुद्धा. काकू म्हणते, समुद्र बरा होता, निदान तिथे हातोडी नव्हती. शेठ दुसऱ्या बंदरावर गेला. काकूच्या बादलीतल्या जाड दोरांनी आता होड्या बांधून ठेवल्यात. ती स्टुलावर बसत नाही तरी रोज एकदा जाऊन सगळ्या गाठी तपासून येते आणि येताना म्हणते, "एक नंबर." ढाल तिनं दाराला टेकवायला ठेवलीय, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

प्रोजेक्ट द्यायची वेळ आली तेव्हा मी नवा ग्राफ काढून फ्रीजवर लावला. काकू चष्मा लावून जवळ गेली. मोठी जाऊ वरच होती. सासूबाई आणखी एक पायरी उतरल्या होत्या. नणंद तिथेच आडवी.

"आपली धाकटी कुठं गेली गं?"

निळी रेघ मधेच थांबली होती. पुढे नुसता कोरा कागद.

"नाहीये काकू. तुटली."

काकूनं बोटानं तो कोरा भाग चाचपून बघितला, जसं काही खाली काहीतरी हलतंय.

"तुटली कसली," ती म्हणाली. "बाळंतपणाला माहेरी गेलीय. येईल सावकाश. तिला कुणी हाक मारू नका." आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अहो! ते कपाट मोडलेलं नाहीये! हात लावू नका त्याला!"